समोरच्या चाळीत गेलेलं पाणी

वसंता, तुला खांद्यावरून नेताना मी पुढे उजव्या बाजूला होतो आणि माझं सगळं लक्ष रस्त्याकडे होतं. गेटातून बाहेर पडलं की डावीकडे गटाराचं खचलेलं झाकण, मग वाण्याच्या दुकानापुढचा खड्डा, मग वळणावर उखडलेली खडी. मागून कुणीतरी म्हणालं, "सांभाळून, उजवीकडे खड्डा आहे." वाण्याच्या दुकानापुढचाच. त्या खड्ड्यासाठी वॉर्ड ऑफिसला आपण दोघांनी मिळून तीन अर्ज दिले होते. शेवटच्या अर्जावर तू गल्लीतल्या प्रत्येक घराची सही घेतली होतीस, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचे अंगठेसुद्धा. त्या खड्ड्याला वळसा घालून आम्ही तुला नेलं. मला त्या वेळी हसू आलं असतं तरी चाललं असतं, रडू आलं असतं तरी चाललं असतं. काहीच आलं नाही.

अजूनही आलेलं नाही. मी ऑफिसला जातो, मस्टरवर सही करतो, फाइल उघडून बसतो. बायको विचारते चहात साखर बरोबर आहे का, मी बरोबर आहे म्हणतो. ती दुसऱ्या दिवशी मुद्दाम साखर न घालता देते, तरी मी बरोबर आहे म्हणतो. आज दांडी मारली आहे. दुपार आहे, सगळी बिल्डिंग जेवून आडवी झाली आहे, आणि मी गॅलरीत पाट मांडीवर घेऊन हे लिहितोय. कुणाला लिहिताय असं बायकोनं विचारलं, तर वॉर्ड ऑफिसला, असं सांगून मोकळा झालो.

तुझ्याबद्दल सगळे चांगलं बोलताहेत. मेलेल्या माणसाबद्दल बोलतातच. पण तू किती हटवादी होतास, किती डोकं खायचास, हे कुणी सांगत नाही. ऐन दुपारी माझं दार वाजवायचं आणि म्हणायचं, "सेक्रेटरी, बादली आण." मुलुंडला राहायला आल्यापासून सोसायटीचा सेक्रेटरी मी, पण मला कामाला लावणारा तू. रस्ता तपासायची तुझी पद्धत म्हणजे ती बादली. कुठे खड्डा पडला, कुठे पाणी तुंबलं, की तू रस्त्याच्या मधोमध बादलीभर पाणी ओतायचास आणि त्या पाण्याबरोबर चालत जायचास, हात मागे बांधून, मान खाली घालून. एकदा एका स्कूटरवाल्यानं थांबून विचारलं, "काका, काय हरवलं?" तू मान वर न करता म्हणालास, "उतार." तो बिचारा दोन मिनिटं तुझ्याबरोबर उतार शोधत होता.

आणि तुझा तो गाळ. मे महिन्यात पालिकेची माणसं येऊन गटारं उपसतात आणि उपसलेला गाळ गटाराच्याच काठावर ढीग करून ठेवतात. वाळला की ट्रक येऊन नेईल, असं त्यांचा मुकादम सांगतो. ट्रक येतो कधी आठ दिवसांनी, कधी त्याच्याही नंतर. तोवर सायकली, कोंबड्या, क्रिकेटचा बॉल, सगळं त्या ढिगातून जातं आणि निम्मा गाळ परत गटारात उतरतो. मी दरवर्षी एक तक्रार लिहायचो आणि माझं काम झालं असं समजायचो. तू कापडगिरणीतून सुटलास, कांजूरमार्गच्या वर्कशॉपमध्ये लागलास, आणि त्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी घमेलं घेऊन खाली उतरलास. प्रत्येक घरानं रोज दोन घमेली गाळ कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत नेऊन टाकायचा, म्हणजे ट्रकला एकाच ठिकाणाहून उचलता येईल. ट्रक यायच्या दिवशी स्कूटर आणि हातगाड्या आत घ्यायच्या. गटाराच्या जाळीवर करवंटी, पिशवी, काय अडकलेलं दिसेल ते ज्याला दिसेल त्यानं काढायचं. आणि मुख्य म्हणजे आपल्या दारापुढचं उचलून दुसऱ्याच्या दारापुढे ढकलायचं नाही.

ह्या शेवटच्या नियमानं तू लोकांना वात आणलास. नाडकर्णी झाडू घेऊन हळूच आपला ढीग शेजारी सरकवत होते, तर तू गॅलरीतून म्हणालास, "नाडकर्णी, तुमचा गाळ तुम्हाला शोधत परत येणार हां." मी पहिल्या दिवशी रबरी मोजे घालून आलो, तर म्हणालास, "चला, डॉक्टर आले. आता ऑपरेशन सुरू करू या." रविवारी सकाळी टीव्हीवर ती मालिका सुरू झाल्यावर दहाच्या आत कुणी खाली उतरेना, तेव्हा तू वेळ साडेदहाची केलीस आणि वर सगळ्यांना दम दिलास की देवाचं दर्शन झालंय, आता हात चालवा.

तेव्हापर्यंत आपली बिल्डिंग आणि समोरची बैठी चाळ ह्यांचं नातं भांडणाचंच होतं. आमचे ओले कपडे त्यांच्या अंगावर ठिबकायचे, त्यांच्या पोरांचा बॉल आमच्या काचांवर. पण गाळ उपसायला दोन्ही बाजूंची माणसं उतरायला लागली. बारा बिऱ्हाडं इकडची, दहा खोल्या तिकडच्या. काम संपलं की चाळीतल्या पहिल्या खोलीतली कुसुमताई कोकम सरबताचं पातेलं घेऊन दारात बसायची. तुझ्याच गावाकडची ती. नवरा गेल्यापासून मालवणी मसाला करून विकायची. तुला बहीण नव्हती, तिला भाऊ नव्हता. भाऊबीजेला तू इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बगलेत साडीचं पाकीट घेऊन रस्ता ओलांडायचास. दहा पावलांचा रस्ता, पण तू लग्नाला निघाल्यासारखा जायचास. आम्ही गॅलरीतून चिडवायचो.

आता पुढचं लिहायलाच हवं. तुला ठाऊकच आहे, पण लिहिलेलं कुठेच नाही. सोसायटीच्या इतिवृत्तातही मी ते लिहिलेलं नाही.

आपल्या गेटापुढे रस्ता खोलगट होता. पावसाळ्यात तिथे घोटाभर पाणी साचायचं आणि मग सावकाश आपल्या बाजूच्या जाळीतून उतरायचं. चार वर्षांपूर्वी तळमजल्यावर लाद्या बदलायचं काम निघालं, विटांच्या तुकड्यांचा आणि फुटक्या लाद्यांचा हा मोठा ढीग पडला. मिटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, हेच गेटापुढे टाकून वरून मुरूम पसरू, दोन्ही कामं होतील. मला कल्पना झकास वाटली. तू त्याच संध्याकाळी आईच्या आजारपणासाठी गावाला निघाला होतास, वहिनींनी बॅग भरून दारात ठेवली होती. तू म्हणालास, "मी येईपर्यंत हात लावू नका. आधी बादली ओतून बघू. तिथलं पाणी उठवलंस तर ते जाणार कुठे?"

"तू नेहमी समोरच्यांची बाजू घेतोस," मी म्हणालो.

"अरे बाजू कसली घेतोय, उतार बघतोय."

तू गेलास आणि चौथ्या दिवशी मी ते काम करून घेतलं. घाई कशाची होती, असं तू मला कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर पावसाळा तोंडावर आलाय असं सांगितलं असतं. खरी गोष्ट अशी की बिल्डिंगमध्ये नळ गळला तरी लोक म्हणायचे, वसंताला विचारा. सेक्रेटरी मी, आणि विचारायचं तुला. एकदा तरी एखादं काम तुझ्यावाचून होतं हे मला दाखवायचं होतं. लाद्यांच्या कामावरचे दोन मजूर ढीग पसरत होते आणि मी छत्री घेऊन उन्हात उभा होतो. तेवढ्यात कुसुमताई दारात आली. मिरच्या निवडताना उठून आली होती, पदरानं नाक पुसत. तिनं ढिगाकडे पाहिलं, स्वतःच्या उंबऱ्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "वसंतानं बघितलंय ना हे?"

मी म्हणालो, "हो, हो. त्याला विचारूनच चाललंय."

"मग झालं," ती म्हणाली आणि आत गेली.

जूनमध्ये दोन दिवस पाऊस धरून बसला. आपल्या गेटापुढे पाणी थेंबभर साचलं नाही. मी दहा वाजता गॅलरीत येऊन बघितलं, खूश झालो, पुन्हा आत जाऊन पेपर वाचला. बारा वाजता चाळीतून आरडाओरडा ऐकू आला. पाणी रस्ता ओलांडून तिच्या उंबऱ्यावरून आत गेलं होतं. वर्षभराचा मसाला, मिरच्यांची पोती, धने, तांदूळ, सगळं जमिनीवर होतं. आम्ही सगळे धावलो. मी सोसायटीच्या ऑफिसची खोली उघडून दिली, तिची पोती तिथे नेऊन पसरली, स्वतः पंखा आणून लावला. त्या दिवसापासून ती मला चांगला माणूस समजायला लागली.

तू तिसऱ्या दिवशी आलास. एसटीतून उतरून तसाच, बॅग खांद्याला. तिनं तुला रस्त्यावरच गाठलं. मी गेटाला टेकून उभा होतो, दहा पावलांवर. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तू सांगून गेल्लंस?" तू गेटापुढच्या मुरमाकडे बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस. मग तिला म्हणालास, "हां. माझा अंदाज चुकला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू पहार घेऊन उतरलास. तीन दिवस तू ते सगळं खणून काढलंस, वर्कशॉपला रजा टाकून. दुसऱ्या दिवशी मी खाली आलो. तू माझ्या हातात फावडं दिलंस आणि म्हणालास, "लाद्या वेगळ्या ठेव, कुणाला तरी लागतील." त्या तीन दिवसांत कुसुमताई दारात बसायची, पण पाठ रस्त्याकडे करून. ओली मिरची कुजल्याचा वास गल्लीभर पसरला होता.

काम संपल्यावर चहा पिताना मी तुला म्हणालो, मी तिला खरं सांगतो. तेव्हा तू जे बोललास ते मला जसंच्या तसं आठवतंय. म्हणालास, "हे बघ, तिला एका माणसाचा राग आलाय. तू सांगितलंस तर अख्ख्या बिल्डिंगचा येईल. मिटिंगमध्ये ठरवून केलंत ना तुम्ही? मग उद्या चाळीतलं एक माणूस आपल्याबरोबर गटारात उतरणार नाही, आणि ह्या वर्षी अजून तीन महिने पाऊस आहे. गप्प बस. गटाराचं काम बसू दे. मग बघू." मी वाद घातला. फार घातला नाही. आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं होतं, हे तुझ्या लक्षात आलं असणारच.

त्या दिवाळीत भाऊबीजेला तिनं दार लावून घेतलं होतं. तू सकाळी शर्ट घातलास, साडीचं पाकीट घेतलंस, रस्ता ओलांडून गेलास आणि परत आलास. वहिनींनी काही विचारलं नाही. त्या तुझ्याबरोबर गावाला होत्या, तू नको म्हणून सांगून निघालास हे त्यांना माहीत होतं, म्हणजे सगळंच माहीत होतं. तरी ह्या चार वर्षांत एका शब्दानं त्यांनी मला छेडलं नाही, अजूनही घरी गेलो की "या भावोजी" म्हणतात. त्याचाच मला जास्त त्रास होतो. पुढच्या भाऊबीजेला तू रस्ता ओलांडला नाहीस, पण शर्ट घातलास. मी विचारलं, कुठे निघालास? तू म्हणालास, "कुठे नाही, सण आहे म्हणून."

आपलं बाकी सगळं चालू राहिलं. गाळ, घमेली, अर्ज, जाळीवरच्या करवंट्या. कुसुमताईसुद्धा घमेलं घेऊन यायची, तू असशील त्याच्या दुसऱ्या टोकाला. तू मात्र दर मोठ्या पावसात बादली-बिदली सोडून तिच्या उंबऱ्याजवळ छत्री घेऊन उभा राहायचास, पाणी कुठवर येतंय बघायला. ती आतून बघायची. तुम्ही दोघं बोलायचा नाहीत. मी वरून दोघांना बघायचो आणि दरवर्षी ठरवायचो की ह्या दिवाळीआधी सांगून टाकायचं.

मग तो मंगळवार. वर्कशॉपमध्ये छातीत दुखलं म्हणून तू खुर्चीवर बसलास आणि त्यांनी तुला टेम्पोतून आणलं तेव्हा संपलं होतं. तुला खाली ठेवलं होतं, सगळी चाळ येऊन पाया पडून गेली. कुसुमताई तिच्या दारात उभी होती, दाराच्या कडेला धरून. उंबऱ्याच्या खाली उतरली नाही. तिला बोलवावं असं मला वाटलं, पण कुठल्या तोंडानं बोलवणार होतो?

काल रविवारी बिल्डिंगच्या अंगणात तुझी शोकसभा झाली. चाळीतले सगळ्यात जुने भाडेकरू बोलायला उठले. म्हणाले, "वसंता एकदाच चुकला. आमच्या चाळीत पाणी गेलं त्याच्यामुळे. पण मर्दासारखं कबूल केलं, आणि स्वतः खणून काढलं. आज कोण कबूल करतंय?" लोकांनी माना हलवल्या. आपल्या बिल्डिंगची बारा बिऱ्हाडं खाली बघत होती. शेवटी सेक्रेटरी म्हणून माझी पाळी आली. मी खिशातला कागद काढला, दुखवट्याचा ठराव वाचला आणि दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. त्या दोन मिनिटांत सांगता आलं असतं. मी घड्याळ बघत होतो, दोनाची अडीच होऊ नयेत म्हणून.

आज सकाळी मी रस्ता ओलांडला. काठावर गाळाचे ढीग तसेच आहेत, ह्या वर्षी कुणी घमेलं काढलेलं नाही, त्यातून वाट काढत गेलो. कुसुमताई कढईत धने भाजत होती. बसा म्हणाली. मी बसलो नाही, उभ्यानंच सांगितलं सगळं. मिटिंग, तुझा नकार, मजूर, तुझ्यामागे घाई केली ते, मी तिला काय उत्तर दिलं होतं ते. ती भाजत राहिली. मग धने करपल्याचा वास आला तेव्हा तिनं कढई उतरवून खाली ठेवली.

"माका कोणी सांगूक नाय," ती म्हणाली. माझ्याशी ती कधी मालवणीत बोलत नाही. पदरानं हात पुसून म्हणाली, "त्याने तरी माका सांगूक होया होता. मी भांडले असते बिल्डिंगशी. चार महिने भांडले असते आणि गप्प बसले असते. त्याच्याशी मी भांडलेच नाही हो. भांडण झालं असतं तर मिटवलं तरी असतं."

मी म्हणालो, त्यानंच मला अडवलं होतं. गटाराचं काम मोडेल म्हणून.

"पहिल्या वर्षी अडवलं असेल," ती म्हणाली. "बाकीची तीन वर्षं कुणी अडवलं होतं?"

ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, खरंच उत्तर हवं असल्यासारखी. मग तिनं करपलेले धने सुपात ओतले आणि त्यातले काळे वेगळे करायला बसली. म्हणाली, "जाताना दार ओढून घ्या."

वसंता, सकाळपासून मी तेच उत्तर शोधतोय. तुझ्यामागे लपावं म्हटलं, तर तू "मग बघू" म्हणाला होतास, कधीच नको असं म्हणाला नव्हतास. गटाराचं काम तर त्याच पावसाळ्यात बसलं होतं. तिला सांगता आलं नाही ते तुला सांगतो. भाऊबीजेच्या सकाळी तिच्याकडून फराळाचा डबा माझ्या घरी यायला लागला होता. ऑफिसची खोली उघडून दिली, पंखा लावून दिला, म्हणून. चार वर्षं आला. करंज्या फार चांगल्या असायच्या तिच्या. मी सांगितलं असतं तर डबा बंद झाला असता. मी तो घेत राहिलो, आणि तू वरच्या गॅलरीतून तो माझ्या दाराशी येताना बघत होतास.